कोऱ्या कॉफीत संत्रं

॥ श्री ॥

चामराजपेट, बेंगळूर
ता. १२ मार्च १९५८

ति. दादांस,
आप्पाजीचा शि. सा. न. वि. वि.

आपलं कार्ड पोचलं. वहिनींचे गुडघे अजून धरलेलेच आहेत हे वाचून रत्ना हळहळली. निरगुडीचं तेल काढून पाठवते म्हणाली. यंदा तंबाखू चांगली उतरली, हे मात्र वाचून बरं वाटलं.

मी पुरता म्हैसूरवाला झालो असं आपण लिहिता. दादा, मी निदान गाडीचे धक्के खात म्हैसूर राज्यात आलो. आपण तर ओसरीवर बसल्या जागी आलात. सरकारनं राज्याची रेघ सरकवली आणि अख्खी निपाणी माझ्या मागोमाग इकडे आली. तेव्हा थट्टा करायची ती स्वल्प बेतानं करा.

दुकान बरं चाललंय. उन्हाळ्यात कॉफीपूड दळून नेणारं गिऱ्हाईक जरा पडतंच, पण यंदा एक वेगळीच गंमत झाली आहे आणि ती आपल्या तानूनं केली आहे. रत्नाच्या ऑपरेशनच्या वेळी आपण धाकट्या बहिणीला माझ्याकडे मदतीला धाडलंत, तेव्हापासून ती इथंच रुळली आहे. रत्ना केव्हाच हिंडूफिरू लागली, तानूला मात्र जा असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

झालं असं. शेजारचे हयवदनराव आपल्याला माहीत आहेत. त्यांची मंडळी इथं इतक्या पिढ्या आहेत की मराठी बोलता बोलता निम्म्या वाटेत कन्नड सुरू होतं, त्यांचं त्यांनाच कळत नाही. त्यांच्या सौभाग्यवती पद्मावतीअक्का मठातल्या भजनाच्या बायका घेऊन भर दुपारी आमच्याकडे आल्या. आणि उन्हानं दूध नासलेलं. कॉफीवाल्याच्या घरी कॉफी नाही! रत्ना दुधासाठी गवळ्याकडे धावली. मी पुढं दुकानात. मधे नुसती एक भिंत, आणि माझे कान कसे आहेत ते आपण जाणताच. कॉफीबी भाजताना कुठल्या तडकण्यावर भट्टीवरून उतरवायची हे मी डोळ्यांपेक्षा कानांनी ठरवतो. तर आत बर्फ फुटल्याचं ऐकू आलं, ग्लास ठेवल्याचं ऐकू आलं, आणि मग एकही बाई बोलेना. भजनाच्या बायका गप्प! मी उठून आत निघालो. तेवढ्यात पद्मावतीअक्कांनी विचारलं की स्वल्प आणखी आहे का.

तानूनं सकाळच्या डिकॉक्शनमध्ये, म्हणजे कॉफीच्या दाट अर्कात, दूध न घालता संत्र्याचा रस आणि बर्फ घातला होता. मी तापलो. माझ्या पीबेरी कॉफीत संत्रं? या घरात कॉफीचा असा अपमान चालणार नाही, असं मी आत जाऊन सुनावलं. तिनं एक ग्लास पुढं ठेवला आणि म्हणाली की आधी पी, मग ओरड. मी प्यालो. मग ओरडायचं राहून गेलं.

वहिनींना वाटलं तर करून बघावं म्हणून रीत लिहितो. बी जरा उजळ भाजलेली हवी आणि चिकोरी अजिबात नको, चिकोरीनं संत्रं कडू लागतं. फिल्टरमधलं डिकॉक्शन दाट काढून मडक्याशेजारी गार करायचं. कुर्गची संत्री पिळायची, पण बिया चिरडायच्या नाहीत आणि सालीच्या आतला पांढरा भाग लागू द्यायचा नाही. रसात चमचाभर साखरेचा पाक. बर्फ गोणपाटात बांधून मोगरीनं फोडायचा, ग्लासात आधी बर्फ, त्यावर रस, आणि डिकॉक्शन चमच्याच्या पाठीवरून हळू सोडायचं, म्हणजे खाली नारिंगी आणि वर काळं असं राहतं. शेवटी सालीचा तुकडा वर धरून चिमटायचा, त्याचं तेल उडतं ना, खरी मजा त्यात आहे. दूध मात्र घालाल तर फाटेल.

आता परसात शेवग्याखाली दोन बाकं टाकली आहेत. दुपारी बायका येतात, दळण होईतो त्यांचे यजमानही थांबतात. तानू कुणाला फुकट देत नाही. तिला मी इतकं हसताना लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

मुलांना आशीर्वाद. आपली माया उन्हात वाळू देऊ नका.

आपला
आप्पाजी

॥ श्री ज्योतिबा प्रसन्न ॥

निपाणी
ता. २ एप्रिल १९५८

चि. आप्पाजी यास,
देवाप्पाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. त्यात गंमत म्हणून जे लिहिले आहेस ते वाचून मला हसू आले नाही. मागोमाग तंबाखूच्या कामाने बेंगळुरास गेलेला आपल्या गावचा कृष्णात परत आला. त्याने चावडीसमोर सगळ्यांदेखत सांगितले की आप्पाजीच्या परसात तानू परक्या माणसांना कोरे पाजते.

तुला रीत आठवत नाही काय? आपल्याकडे कोरा चहा कुठे देतात? मयताच्या घरी. चूल बंद असते तेव्हा शेजारी किटलीतून आणतात तो. आणि आपली विधवा बहीण हसतमुखाने तेच बिनदुधाचे पाणी लोकांच्या हातात ठेवते आणि वर पैसे घेते. येथे लोक मला विचारतात की देवाप्पा, तुमच्या घरी कोण गेले. मी तोंड कोठे लपवू?

तू परगावी जाऊन हमाली केलीस, गिरणी टाकलीस, चार भाषा बोलतोस, याचा मला अभिमान आहे. परंतु घराची अब्रू गिरणीत दळायला दिलेली नाही.

शिवाय तुझ्या वहिनीस आता न्हाणीपर्यंत जाणेही होत नाही. घरात बाईमाणूस पाहिजे. मोलाची बाई चुलीपाशी आणण्याची आपली रीत नाही. तानूस बेंदराच्या सणाच्या आत पाठवून देणे. तू तिथला कर्ता आहेस, तुझ्या शब्दाबाहेर ती जाणार नाही. न आल्यास तिचे माहेर संपले असे तिला माझ्या नावाने सांगावे.

सौ. रत्नाबाईंस आशीर्वाद. थोरल्याचा शब्द राखावा, म्हणजे लोभ राहिलाच.

देवाप्पा

॥ श्री ॥

चामराजपेट, बेंगळूर
ता. ११ एप्रिल १९५८

ति. दादांस,
आप्पाजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. प्रथम कृष्णाताचं. तो एक ग्लास प्यायला, मग दुसरा मागून घेतला, तळाचा बर्फ चमच्यानं खरवडला आणि शेवटी साल चावली. हे सगळं मी भिंतीआडून ऐकलेलं आहे. चावडीसमोर त्यानं यातलं किती सांगितलं तेवढं विचारा. सुतकाचं पाणी माणूस साल चावून पीत नाही.

रीत मला आठवते. आबा गेले तेव्हाचा किटलीतला कोरा चहा अजून जिभेवर आहे. पण दादा, इथं ही रीत नाही. पद्मावतीअक्कांना मी मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या की सुतकात त्यांच्याकडे कॉफीला शिवतच नाहीत, काळी नाही आणि गोरीही नाही. म्हणजे निपाणीत जे अशुभ, ते चामराजपेटेत दुपारचं सुख. आता यात तानूनं कुणाचं काय बिघडवलं?

आपण मला कर्ता म्हटलंत. मी गिरणीचा कर्ता आहे, हे सरी, इकडच्या भाषेत बरोबर. दाणा किती बारीक दळायचा हे मी सांगतो. बहिणीनं कुठं राहायचं हे सांगणारा मी कोण? तरी आपला शब्द खाली पडू नये म्हणून आपलं पत्र मी तिला सबंध वाचून दाखवलं. एक अक्षर गाळलं नाही, परक्या माणसांना पाजते हेसुद्धा नाही. ती बर्फ फोडत होती. फोडायची थांबली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की ज्याला मी हवी आहे त्यानं मला विचारावं, आप्पाला नव्हे.

तेव्हा माझं उत्तर असं. मी तिला पाठवणार नाही, अडवणारही नाही. वहिनींचं दुखणं मला खरंच लागतं. त्यांच्या हाताखाली एखादी बाई ठेवा, भार माझ्यावर टाका. चुलीपाशी परकी बाई नको म्हणता, आणि बहिणीला मात्र मोलाच्या बाईसारखं बोलावणं धाडता, हे मला जमवून घेता येत नाही. लहान तोंडी मोठा घास झाला असेल. आता घेतलाच आहे तर गिळतो, थुंकत नाही.

मुलांना आशीर्वाद. रागावा, पण रागासकट आमचे राहा.

आपला
आप्पाजी

निपाणी
ता. २२ एप्रिल १९५८

चि. आप्पाजी यास अ. उ. आ.

मी स्वतः येत आहे. शनिवारी बेळगावहून पुणे मेलने निघतो. तानूने बोचके बांधून ठेवावे. स्टेशनावर कोणी न आले तरी चालेल.

देवाप्पा

॥ श्री ज्योतिबा प्रसन्न ॥

निपाणी
ता. ५ मे १९५८

चि. आप्पाजी यास,
देवाप्पाचे अ. उ. आ. वि. वि.

सुखरूप पोचलो. जाताना जो मुलूख दिसला तोच येताना दिसला, मधे जे झाले ते न झाले असते तर बरे होते.

मी भांडायला आलो नव्हतो. तुझ्या वहिनीच्या हातचे गेल्या सालचे लोणचे आणले होते, तुमच्या पोरांना खाऊ आणला होता. दोन दिवस मी तोंडातून शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी परसात तुझी ती हयवदनरावांची मंडळी, भजनाच्या बायका, दळणाला आलेले गडी, सगळे बसलेले असताना तिने माझ्यापुढे ग्लास आणून ठेवला. मी एवढेच म्हणालो की आमच्या घरी सुतक नाही, मी कोरे पीत नाही. यात खोटे काय होते?

त्यावर तिने काय केले ते तू पाहिलेस. माझ्या पुढचा ग्लास उचलला आणि उभ्या उभ्या, थोरल्या भावासमोर, परक्या पुरुषांसमोर, घटाघटा पिऊन टाकला. आणि पदराने तोंड पुसून मला विचारले की दादा, तुमच्या घरी मी इतकी वर्षे बिनदुधाचाच चहा प्याले, दूध तुमचे आणि पोरांचे झाल्यावर माझ्यापर्यंत उरले नाही, तेव्हा घरात कोण मेले होते.

सगळे ऐकत होते. तुझ्या शेजारणीने तर पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. तू गल्ल्यावरून उठून आलास आणि दारात उभा राहून गप्प बसलास. मी त्याच संध्याकाळी निघालो.

घरी येऊन तुझ्या वहिनीला विचारले की हे खरे काय. ती भिंतीकडे तोंड करून निजली. 

बेंदराची मुदत मी मागे घेतलेली नाही. त्यानंतर तिने येथे पाऊल घालू नये. घरात आता भाकरी शेजारून येते, हे तिला सांगितलेस तरी चालेल, न सांगितलेस तरी चालेल.

आशीर्वाद आहेतच. ते काही परत घेता येत नाहीत.

देवाप्पा

॥ श्री ॥

चामराजपेट, बेंगळूर
ता. १३ मे १९५८

ति. दादांस,
आप्पाजीचा शि. सा. न. वि. वि.

मी दारात गप्प का राहिलो ते आधी सांगतो. तिनं जे विचारलं ते मलाही माहीत नव्हतं. सणासुदीला आपल्याकडे येत होतो, ओसरीवर बसून दुधाचा चहा पीत होतो. आतल्या कपात काय आहे हे भिंतीतून ऐकू येत नाही, दादा. माझ्या कानांचा तोरा त्या दिवशी उतरला.

आपण जटक्यात बसलात आणि घोडा वळणावरून गेला, तेव्हा परसातलं एकही माणूस उठलेलं नव्हतं. तानूनं तो ग्लास धुतला, पालथा ठेवला आणि राहिलेल्यांना कॉफी दिली. कुणाच्याही वाट्याला कमी नाही, पातळ नाही. हयवदनरावांनी जाताना मला सांगितलं की तुमची बहीण फार गट्टी आहे, म्हणजे त्यांच्या भाषेत पक्की. मी म्हटलं, आमच्या घरचीच आहे, मूळ निपाणीचं.

पण तिचं सगळं ठीक आहे असं समजू नका. पूर्वी बर्फ फोडताना मोगरी सैल पडायची, दोन ठोके, मधे रत्नाशी गप्पा, मग दोन ठोके. आता एका दमात फोडते. बर्फाचं पीठ होतं तरी थांबत नाही. माहेराचं दार तोंडावर लावलं की माणूस असा बर्फ फोडतं. आपण म्हणाल आप्पाजी रंगवून सांगतो. या, आणि भिंतीला कान लावून बसा.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो, एरवी मी गोड बोलून वेळ मारून नेणारा माणूस आहे. ते दार आबांनी बसवलं. मी त्यातूनच बाहेर पडलो, तीही त्यातूनच सासरी गेली. ते तिला बंद करायचं असेल तर मलाही बंद करा. दिवाळीला मी येणार नाही, पोरांची जावळं ज्योतिबाला करायची ठरली आहेत ती इथं करीन, आणि कुणी विचारलं तर कारण लपवणार नाही. हा धाक नाही. बहिणीला परसदारी ठेवून मला ओसरीवरचा पाट गोड लागणार नाही, एवढंच.

भाकरी शेजारून येते हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकलं आणि पुढचं फळ पिळायला घेतलं. संत्री आता संपली, गजलिंबावर चाललंय, ते जास्त झोंबतं. संध्याकाळी मला म्हणाली की कागद दे. मी म्हटलं, सांग, मी लिहून देतो. नको म्हणाली. तिचं पत्र वेगळं येईल. त्यात काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि ते वाचून आपण काय कराल तेही नाही.

वहिनींना नमस्कार. भांडण असू द्या, पत्र थांबवू नका.

आपला
आप्पाजी

॥ श्री ॥

बेंगळूर
ता. १४ मे १९५८

ति. दादांस,
तानूचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मीच लिहिते आहे. आप्पाच्या हातून पत्र गोड होतं, मला गोड नको होतं. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून वाचा.

चारचौघांत बोलले याचा राग आला असेल. तुम्ही चारचौघांत बोललात, म्हणून मी बोलले. माफी मागत नाही. तुमच्यासाठी टोपलीतलं सगळ्यात चांगलं संत्रं मी सकाळपासून बाजूला ठेवलं होतं. तुम्ही प्याला नाहीत. ते फेकून देणं माझ्यानं झालं नाही, म्हणून मी प्याले.

वहिनीवर माझा राग नाही. दूध पुरत नव्हतं तेव्हा तीही कधी कधी कोराच प्यायची, मी पाहिलंय. तुम्ही कधी पाहिलं नाहीत. आता ती न्हाणीपर्यंत जाऊ शकत नाही हे ऐकून मला इथं घास जात नाही. म्हणून मी येते आहे.

पण तुम्ही बोलावलंत तशी येत नाही. जायचं-यायचं तिकीट काढलं आहे, माझ्या कमाईतून काढलं आहे. वहिनीच्या पायात जरा बळ येईपर्यंत राहीन, तिला धरून चालवीन. बेंदूर झाला की माझी मी परत येईन. तोवर परसातलं रत्नावहिनी आणि पद्मावतीअक्का बघतील. अक्का पाक जास्त घालतात, पण गिऱ्हाईक तेवढं सोसेल. पुढं घरात बाई ठेवायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आता बेंगळुरात राहते. इथं माझं काम आहे.

एक सांगायचं आहे आणि ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. हे गेले तेव्हा तुम्ही मला सासरहून आणलंत आणि परसदारानं आत घेतलंत. त्या दिवशी मी काही बोलायच्या अवस्थेत नव्हते. पण पुढंही जत्रेहून आले, मावशीकडून आले, तरी परसदारानंच. कुणी सांगितलं नाही, माझं मलाच वळण पडलं. शेजारच्या रखमाची लेक चार दिवसांसाठी आली तरी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात. मी उभी राहून बघायची.

मंगळवारी दुपारच्या मोटारीनं उतरेन. स्टँडवर माणूस पाठवू नका, वाट मला ठाऊक आहे. पुढच्या दारात येऊन उभी राहीन. वहिनीला उठवत नसेल तर तुम्ही भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन या, आणि लेकीला घेतात तसं मला घ्या. गावाला बघायचं असेल तर बघू दे. मग आत येते, आणि त्या क्षणापासून चूल, धुणं आणि वहिनी माझ्याकडे लागली.

आणि दार लावलेलं असेल तर मी ओसरीवर बसेन. वहिनीची खिडकी ओसरीवरच उघडते. तिथूनच तिला भरवीन, तिथूनच तिची वेणी घालीन, येणारे-जाणारे विचारतील त्यांना नाव सांगेन, तुमचंही आणि माझंही. परसाकडे मात्र वळणार नाही.

माझा लोभ आहे. तुमचा असेल तर दारात दिसेलच.

तुमची
तानू